वाचक विचारतात : रोगजंतूंची ओळख प्रयोगशाळेत कशी पटते?

पावसाळ्यातील तापांविषयी या सदरासाठी प्रश्न मागवले होते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : रिपोर्टवर विश्वास किती ठेवायचा? माझ्या आयुष्यातील बरीच वर्षे एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात गेली. काचेवर, डिशमध्ये आणि नळीत जंतू शोधणे हेच माझे काम होते, आणि त्याच अनुभवाच्या आधारे ही उत्तरे देत आहे. प्रत्येक चाचणीला एक ठरावीक प्रश्नच विचारता येतो आणि तोही योग्य दिवशी, योग्य नमुन्याला विचारावा लागतो, ही गोष्ट पुढे वारंवार येईल, कारण पत्रांतील बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न (एक पालक, गेवराई, जि. बीड) : माझ्या बारा वर्षांच्या मुलाला ताप आल्यावर तिसऱ्या दिवशी विडाल चाचणी केली. ‘ओ १:८०, पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट आला आणि टायफॉइडचे औषध सुरू झाले. दोन दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये तीच चाचणी ‘निगेटिव्ह’ आली. दोघांपैकी खरे कोण?

उत्तर : दोन्ही लॅबनी आपापल्या परीने जे दिसले ते लिहिले असण्याची शक्यता अधिक आहे. ज्या दिवशी ही चाचणी केली गेली, त्या दिवशी ती आपल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नव्हती, हे खरे दुखणे आहे.

ही चाचणी फर्नां विडाल या फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखली जाते आणि ती १८९६ सालची आहे. तीत टायफॉइडचा जंतू शोधला जात नाही. किटच्या बाटलीत मारलेले टायफॉइडचे जिवाणू असतात. रुग्णाच्या रक्तातील पाणी, म्हणजे सीरम, त्यांच्यात मिसळले जाते आणि जिवाणूंच्या गुठळ्या होतात का, ते पाहिले जाते. शरीराने त्या जिवाणूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली असतील तर गुठळ्या होतात. मग सीरम मिठाच्या पाण्याने पातळ करत नेतात : १:२०, १:४०, १:८०, १:१६०. ज्या शेवटच्या पायरीपर्यंत गुठळी दिसते, तो आकडा रिपोर्टवर येतो. म्हणजे ही जंतूची तपासणी नसून शरीराच्या स्मरणशक्तीची तपासणी आहे.

आता तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. टायफॉइडमध्ये ही प्रतिपिंडे साधारण पहिला आठवडा संपत येतो तेव्हा मोजण्याइतकी वाढतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशीचा आकडा बहुधा आताच्या तापाविषयी काहीच सांगत नाही. दुसरी गोष्ट अशी की, जिथे टायफॉइड नेहमीच थोडाफार असतो अशा आपल्यासारख्या भागात धडधाकट माणसाच्या रक्तातही १:४० किंवा १:८० इतकी पातळी आढळते. पूर्वी होऊन गेलेला आजार, घेतलेली लस, किंवा त्याच कुळातील दुसऱ्या जिवाणूचा संसर्ग अशी तिची कारणे असू शकतात, आणि हिवतापासारख्या अगदी वेगळ्या तापातही ती वाढलेली दिसते. तिसरी गोष्ट, १:४० आणि १:८० यांत फक्त एका पायरीचे अंतर आहे. तेच रक्त, तोच तंत्रज्ञ आणि तीच बाटली असली तरी एका पायरीचा फरक पडू शकतो, आणि इथे तर लॅब वेगळ्या, बहुधा किटही वेगळे. काचेच्या पट्टीवर दोन मिनिटांत केलेली चाचणी आणि नळीत रात्रभर ठेवून केलेली चाचणी यांचे आकडेही जुळतीलच असे नाही. विडालचा नीट उपयोग करायचा असेल तर सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन पातळी चौपट, म्हणजे दोन पायऱ्या, वाढली का हे पाहावे लागते, आणि तोवर मूल बरे झालेले असते किंवा गुंतागुंत तरी झालेली असते.

टायफॉइडची खात्री हवी असेल तर रक्ताचे कल्चर करावे. पोषक द्रव भरलेल्या बाटलीत रुग्णाचे रक्त थेट सोडतात आणि ती बाटली ३७ अंश तापमानात ठेवतात. त्यातून जिवाणू वाढला तर तो प्रत्यक्ष हाती लागतो आणि कोणत्या औषधाने मरतो हेही कळते. पहिल्या आठवड्यात तो मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. अट एकच आहे : रक्त प्रतिजैविकाच्या पहिल्या गोळीच्या आधी घेतलेले असावे. माझ्या टेबलावर आलेल्या कित्येक बाटल्या निर्जंतुक निघाल्या, याचे कारण रुग्णाने वाटेतल्या मेडिकलमधून दोन दिवसांची गोळी आधीच घेतलेली असे. मात्र आपल्या मुलाचे सुरू झालेले औषध आपण स्वतःहून बंद करू नये. दोन्ही रिपोर्ट आणि तापाची तारीखवार नोंद उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवावी.

प्रश्न (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नांदेड) : माझा डेंग्यूचा रिपोर्ट ‘एनएस-१ पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह’ असा आला. मग डेंग्यू आहे की नाही?

उत्तर : आहे, असे धरून चालावे. एनएस-१ हे विषाणूचेच प्रथिन आहे आणि ते तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत रक्तात सापडते. आयजीएम ही शरीराची प्रतिपिंडे असून ती पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतात. म्हणून ताप नवा असताना आपल्यासारखाच रिपोर्ट येणे अपेक्षित असते, आणि आठवडा उलटल्यावर नेमके उलट चित्र दिसते. पट्टीवरची झटपट चाचणी आणि एलायझा (प्रयोगशाळेत रंगाची तीव्रता यंत्रावर मोजून होणारी चाचणी) यांत एलायझा अधिक भरवशाची आहे. शासकीय रुग्णालयांत आयजीएमसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तयार केलेले एलायझा किट वापरले जातात. प्लेटलेट कमी होणे ही डेंग्यूची ओळख नव्हे, कारण त्या इतर अनेक तापांतही उतरतात.

एक आग्रह मात्र करावासा वाटतो. पावसाळ्यात डेंग्यूची चाचणी केली म्हणून हिवतापासाठी रक्ताची काच घ्यायचे राहू नये. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात असतो हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत पाहिले, आणि तेव्हा मराठवाडा आणि सिकंदराबाद हे दोन्ही एकाच निजामी मुलखात होते. इतक्या जवळ लागलेल्या त्या शोधाची साधी, स्वस्त आणि नेमकी तपासणी आज गावोगावी उपलब्ध आहे. बोटातून घेतलेल्या थेंबाची जाड काच आणि पातळ काच नीट पाहणारे प्रशिक्षित डोळे असतील तर परजीवी कोणत्या जातीचा आहे हेही कळते.

प्रश्न (एक गृहिणी, लातूर) : लघवीच्या कल्चरसाठी तीन दिवस थांबले आणि शेवटी ‘मिश्र वाढ, नमुना पुन्हा द्यावा’ असा शेरा मिळाला. पैसे दोनदा गेले. एवढा वेळ नेमका कशात जातो आणि चूक कोणाची?

उत्तर : आपला वैताग मी समजू शकतो. या शेऱ्याचा अर्थ असा की डिशमध्ये तीन किंवा अधिक प्रकारचे जिवाणू उगवले आणि त्यांतला आजाराचा कोणता व त्वचेवरून आलेला कोणता हे सांगता येईना. असे बहुधा नमुना घेताना किंवा तो पोहोचवताना घडते, आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे हे नमुना घेणाऱ्याचे काम आहे. नुसती डबी हातात देऊन ‘त्या बाजूला जा’ म्हणणे पुरेसे नाही. आधी साध्या पाण्याने स्वच्छ धुवावे, लघवीची पहिली धार सोडून द्यावी, मधली धार डबीत घ्यावी, आणि डबीच्या आतल्या भागाला किंवा झाकणाला बोट लागू देऊ नये. सकाळची पहिली लघवी सर्वांत चांगली.

त्यानंतर घड्याळ सुरू होते. लघवीच्या संसर्गाला बहुतेक वेळा कारणीभूत असणारा ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल स्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. म्हणजे तासात आठपट, दोन तासांत चौसष्टपट आणि चार तासांत चार हजारांहून अधिक पट. मे महिन्यात औशाहून किंवा निलंग्याहून एसटीच्या खिडकीशी ठेवून आणलेली डबी लॅबमध्ये पोहोचेपर्यंत तिच्यात चुकून पडलेले दहा-वीस जिवाणूही आजाराचे रूप धारण करतात. म्हणून नमुना दोन तासांत पोहोचवावा, आणि ते जमत नसेल तर बर्फाच्या डब्यात किंवा फ्रिजमध्ये चार अंशांवर ठेवावा. अशा थंडाव्यात तो चोवीस तास चालतो. हा नियम लघवीचा आहे, सर्वच नमुन्यांचा नाही. मेंदूज्वरात पाठीतून काढलेले पाणी फ्रिजमध्ये ठेवले तर काही नाजूक जिवाणू गारठून मरतात आणि कल्चर कोरे येते.

आता तीन दिवसांचा हिशेब पाहू. पहिल्या दिवशी एका मिलिलिटरचा हजारावा भाग उचलणाऱ्या तारेच्या फासाने लघवी डिशवर पसरतात आणि डिश रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. दुसऱ्या दिवशी ठिपक्यांसारख्या वसाहती मोजतात. शंभर वसाहती दिसल्या तर मिलिलिटरला एक लाख जिवाणू, आणि खरा संसर्ग ओळखण्याची रूढ मर्यादा हीच आहे. मग वसाहतीचा रंग, ग्रॅमच्या रंगद्रव्याने काचेवर दिसणारा आकार आणि साखर आंबवण्यासारखे गुणधर्म पाहून जिवाणूचे नाव ठरवतात. त्याच दिवशी तो दुसऱ्या डिशवर पसरून त्यावर प्रतिजैविकांच्या कागदी चकत्या ठेवतात. तिसऱ्या दिवशी चकतीभोवती जिवाणू न उगवलेले वर्तुळ पट्टीने मोजतात आणि रिपोर्टवर ‘एस’ किंवा ‘आर’ लिहितात : औषध लागू पडेल किंवा पडणार नाही. मोठ्या शहरांत आता वसाहतीतील प्रथिनांवरून काही मिनिटांत जिवाणूचे नाव सांगणारी यंत्रे आली आहेत, तरी त्यांनाही आधी उगवलेली वसाहत लागतेच. जिवाणूला उगवायला लागणारा वेळ पैसे भरूनही कमी करता येत नाही.

या डिशबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख हे आरंभी जिवाणू जिलेटिनवर वाढवत असत. उबेत जिलेटिन वितळते आणि काही जिवाणू तर ते खाऊनच टाकतात, त्यामुळे सारे काम वाहून जाई. १८८१-८२च्या सुमारास त्यांचे सहकारी वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी स्वयंपाकघरातील अनुभवावरून आगर वापरण्याचे सुचवले. समुद्रशैवालापासून निघणारे हे आगर म्हणजे आपल्या बाजारात पुडिंगसाठी मिळणारे चायना ग्रास. ते उकळत्या पाण्यात विरघळते, चाळीस अंशांच्या आसपास गोठते आणि एकदा गोठले की लातूरच्या उन्हाळ्यातही वितळत नाही. १८८७मध्ये युलियुस पेट्री यांनी झाकणाची चपटी डिश दिली. जगातील प्रत्येक प्रयोगशाळेत आजही हीच जोडी वापरात आहे, आणि त्यातील अर्धा वाटा एका गृहिणीचा आहे हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी आवर्जून सांगत असे.

प्रश्न (एक शेतकरी, कळमनुरी, जि. हिंगोली) : वडिलांना दीड महिन्यापासून खोकला आहे. बेडक्याची काच ‘निगेटिव्ह’ आली, पण पंधरा दिवसांनी मशिनवरची तपासणी टीबी दाखवते. मग पहिल्या वेळी लॅबने नीट पाहिले नाही का?

उत्तर : पाहिले असेल आणि तरीही दिसले नसेल. क्षयाच्या जंतूभोवती मेणासारखे आवरण असते. त्याला गरम करून लाल रंग चढवला की आम्लाने धुऊनही तो उतरत नाही, आणि निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. हे तंत्र शंभर वर्षांहून जुने असून अजून उपयोगी आहे. मात्र एका मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असतील तेव्हाच काचेवर एखादा सापडतो. जंतू त्याहून कमी असतील तर माणूस आजारी असतो आणि काच कोरी असते. मशिन म्हणजे सीबीनॅट किंवा ट्रूनॅट. त्यात जंतूच्या जनुकाचा एक ठरावीक तुकडा कोट्यवधी पटींनी वाढवून ओळखला जातो, त्यामुळे मिलिलिटरला शंभर-दीडशे जंतूही पुरतात. दोन तासांच्या आसपास निकाल मिळतो आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का, तेही त्यातून कळते. ट्रूनॅट भारतात विकसित झालेले यंत्र आहे; ते बॅटरीवर चालते, म्हणून जिथे वीज सतत जाते अशा ग्रामीण रुग्णालयांतही त्याचा उपयोग होतो.

नमुन्याची बाब इथेही आहेच. बऱ्याच डब्यांत बेडक्याऐवजी थुंकी येते, आणि थुंकीत क्षयाचा जंतू शोधणे म्हणजे आडात नसलेले पोहऱ्यात शोधणे. सकाळी उठल्यावर चूळ भरावी, दोन-तीनदा खोल श्वास घ्यावा आणि छातीतून खोकून घट्ट बेडका काढावा. हे घराबाहेर, मोकळ्या हवेत करावे, कारण त्या खोकल्यातून घरच्यांना लागण होऊ शकते.

आपल्या वडिलांना सहा महिने औषध घ्यावे लागेल आणि मधल्या काळात पुन्हा तपासणी होईल. तेव्हा मशिनऐवजी काच किंवा कल्चर का सांगतात, असा प्रश्न आपल्याला पडेल. कारण असे की मेलेल्या जंतूचे जनुकही काही काळ शरीरात राहते आणि मशिन त्यालाही ‘आहे’ म्हणते. जिवंत जंतू उरला आहे का, हे कल्चरच सांगू शकते. मात्र क्षयाचा जंतू एकदा दुप्पट व्हायला पंधरा ते वीस तास घेतो, त्यामुळे त्याचे कल्चर ‘निगेटिव्ह’ ठरवण्यासाठी सहा ते आठ आठवडे वाट पाहावी लागते.

प्रश्न (एक इतिहासाचे विद्यार्थी, बीड) : १९९४ साली आमच्या जिल्ह्यात प्लेग आला होता असे वडीलधारे सांगतात, तर काही जण तो प्लेग नव्हताच असे म्हणतात. प्रयोगशाळेने काय ठरवले होते?

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण प्रयोगशाळेचे बळ आणि तिच्या मर्यादा या दोन्ही त्या एका घटनेत आपल्याच भूमीवर दिसल्या.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर मराठवाड्याच्या अनेक गावांत भीतीने घरे ओस पडली, धान्य आत राहिले आणि उंदीर वाढले, असे स्पष्टीकरण पुढे मांडले गेले. १९९४च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला आणि मग माणसांना ताप येऊन जांघेत व काखेत गाठी आल्या. हा गाठीचा प्लेग. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग पसरल्याची बातमी आली, लाखो लोकांनी ते शहर सोडले आणि देशभर टेट्रासायक्लीन या प्रतिजैविकाच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी प्लेगच्या साथीत गाव सोडून रानात पाल ठोकले होते, त्यांच्या घरांत त्या शब्दाने काय धास्ती भरली असेल, हे आपल्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारून लिहून ठेवावे.

प्लेगचा जंतू कसा ओळखतात ते आधी सांगतो, म्हणजे वाद का झाला ते कळेल. गाठीत सुई घालून थोडे पाणी काढतात आणि काचेवर विशिष्ट रंग देतात. जंतूची दोन टोके गडद आणि मधला भाग फिका दिसतो, अगदी मिटलेल्या सेफ्टी पिनेसारखा. हे चित्र संशय पक्का करते, पण शाबिती देत नाही, कारण इतर काही जिवाणूही असेच दिसतात. शाबितीसाठी तो डिशवर वाढवावा लागतो. त्याला ३७ अंशांपेक्षा २८ अंशांच्या आसपासची ऊब मानवते आणि नीट दिसणारी वसाहत यायला दोन दिवस लागतात. मग फक्त त्याच जिवाणूला फोडणाऱ्या विषाणूने तो फुटतो का, हे पाहतात. कल्चर मिळाले नाही तर रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे दोन नमुन्यांत चौपट वाढली का, याचा आधार घेतात. हाच जंतू अलेक्झांद्र येर्सां यांनी १८९४मध्ये हाँगकाँगच्या साथीत शोधला होता, म्हणजे मामल्याच्या घटनेच्या बरोबर शंभर वर्षे आधी.

१९९४मध्ये आरंभीचे निदान बरेचसे काचेवर आणि रक्तातील प्रतिपिंडांवर उभे होते. अनेक रुग्णांनी नमुना देण्याआधीच टेट्रासायक्लीन घेतले होते. देशात प्लेग कित्येक वर्षे दिसला नसल्याने त्याचा सराव असलेले हात आणि लागणारी द्रव्ये थोड्याच ठिकाणी उरली होती. पक्की कल्चर वेळेवर समोर न आल्यामुळे देशात आणि परदेशात शंका घेतल्या गेल्या. कोणी मेलिऑयडोसिस हा दुसराच जिवाणूजन्य आजार म्हटले, कोणी उंदरांतून येणारा हंता विषाणू म्हटले. पुढे डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हा प्लेगच असल्याचा निष्कर्ष दिला, आणि २०००मध्ये हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्या साथीतून मिळालेल्या जिवाणूंच्या जनुकांची मांडणी तपासून तो येर्सिनिया पेस्टिस, म्हणजे प्लेगचाच जंतू, असल्याचे दाखवले. त्यामुळे ‘तो प्लेग नव्हताच’ हे म्हणणे आज टिकत नाही.

मात्र शंका घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. साथीच्या पहिल्या आठवड्यात पुरावा पक्का नव्हता, आणि पुरावा मागणे हे शास्त्राचे कामच आहे. मला दुःख होते ते दुसऱ्याच गोष्टीचे : पहिल्या रुग्णाच्या गाठीतील थेंबभर पाणी औषधाच्या आधी घेऊन, योग्य द्रवात घालून, योग्य प्रयोगशाळेत दोन दिवसांत पोहोचले असते तर सहा वर्षे चाललेली चर्चा सहा दिवसांत संपली असती. मराठवाड्यातील वैद्यकीय महाविद्यालयांत आज विषाणूंच्या जनुकीय तपासणीपर्यंत सोय झाली आहे, ही समाधानाची बाब आहे; पण पहिला नमुना गावातून निघतो, आणि त्याची जबाबदारी अजूनही आरोग्य केंद्रातील त्या एका परिचारिकेवर किंवा तंत्रज्ञावर असते.

प्रश्न (एक ग्रामपंचायत सदस्य, अंबड, जि. जालना) : टँकरच्या पाण्याची बाटली तपासली, ती दुसऱ्या दिवशी काळी झाली. याचा अर्थ पाण्यात कॉलरा आहे असा का?

उत्तर : नाही, पण ते पाणी तसेच पिऊ नये. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२मध्ये मांडलेली ही सोपी चाचणी आहे. विष्ठेसोबत येणारे बरेच जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि बाटलीतील लोहक्षाराशी त्याचा संयोग होऊन पाणी काळे पडते. कॉलरा, कावीळ, टायफॉइड, हगवण यांचा प्रत्येक जंतू पाण्यात वेगवेगळा शोधणे खर्चाचे आणि अवघड आहे, कारण तो थोडा असतो आणि कधीतरीच असतो. म्हणून विष्ठा मिसळली आहे का, एवढेच विचारतात. मिसळली असेल तर आज ना उद्या रोगजंतूही येणारच. काही बोअरच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असते आणि मग बाटली भरता भरताच काळी होते. तसे झाले असेल तर निकाल धरू नये.

खात्रीसाठी नमुना जिल्हा प्रयोगशाळेत पाठवावा. तिथे १०० मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म आणि ई. कोलाय पाहतात, पिण्याच्या पाण्यात ते अजिबात नसावेत. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी, कारण तिच्यात क्लोरीन मारणारे द्रव्य आधीच घातलेले असते. घरची बाटली वापरली तर वाटेत क्लोरीन जंतूंना मारत राहते आणि घाण पाणी कागदावर शुद्ध ठरते. बाटली आतून विसळू नये, ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. निकाल येईपर्यंत जलसुरक्षकाने टँकर भरल्यावर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून अर्ध्या तासाने, आणि शेवटच्या घराच्या घागरीतही, ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन दाखवणारी चाचणी, घ्यावी. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. गावात जुलाबाची साथ असेल तर ०.५ ठेवावे, आणि रुग्णाचा शौचाचा नमुना औषधाआधी घेऊन कॅरी-ब्लेअर द्रवात पाठवावा, कारण कॉलऱ्याचा जंतू कोरड्या डबीत फार काळ तग धरत नाही.

प्रश्न (एक मेंढपाळ, भूम, जि. धाराशिव) : दोन मेंढ्या रात्रीत मेल्या. पोट फुगले होते आणि नाकातून काळे रक्त आले होते. कशाने मेल्या हे कळावे म्हणून पोट फाडून पाहावे का?

उत्तर : अजिबात फाडू नये. आंत्रविषारानेही मेंढ्या अशाच अचानक मरतात, पण नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त आले असेल तर फाशी रोगाचा (अँथ्रॅक्स) संशय आधी धरावा लागतो. या रोगाचा जिवाणू जनावराच्या शरीरात साधा असतो. शव उघडले आणि त्याला हवा लागली की तो टणक बीजाणू बनवतो आणि ते बीजाणू त्याच रानात कित्येक दशके टिकतात. कापणाऱ्याच्या हातावर न दुखणारा, मध्ये काळी खपली धरणारा फोड येतो. माणसातील या रोगाला काळपुळी म्हणतात ते त्यामुळेच. एखादा जिवाणू एखाद्या रोगाला कारण ठरतो हे कॉख यांनी पहिल्यांदा १८७६मध्ये सिद्ध केले, ते याच जंतूच्या बाबतीत.

निदानासाठी शव फाडण्याची गरजच नसते. पशुवैद्यक कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचेवर घेतात आणि त्याला निळा रंग देतात; चौकोनी टोकांच्या निळ्या काड्यांभोवती गुलाबी आवरण दिसले की संशय जवळजवळ पक्का होतो. पुढील खात्री परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी होऊ शकते. तोवर मेंढ्यांना हात लावू नये, कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नये, कातडे काढू नये आणि मांस खाऊ किंवा विकू नये. उरलेला कळप त्या रानातून हलवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आजच कळवावे. रोग ठरला तर शव जाळतात किंवा सहा फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरतात. रक्त सांडलेल्या जागेवरही चुना टाकावा लागतो. बाकीच्या कळपाला लस कधी द्यायची हे पशुवैद्यक सांगतील. ज्यांनी त्या मेंढ्या उचलल्या त्यांच्या हातावर येत्या आठवड्यात फोड दिसला, तर डॉक्टरांना मेंढ्यांची हकिकत पहिल्या वाक्यातच सांगावी.